बारा जुलैला आटलेली वेबसाइट

गेल्या वर्षी १२ जुलैच्या रात्री मामेभावाचा फोन आला. "दादा, आपली साइट उघडंना गेलीय. अंबडची, परतूरची गिऱ्हाईकं फोनवर फोन करायलेत. रोपं संपली का म्हणून इचारायलेत."

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात त्याची मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका आहे. जून-जुलै हे लागवडीचे दिवस. पाऊस बरा झाला की शेतकरी खड्डे भरून तयार असतो आणि रोप कुठले घ्यायचे, खुंट कोणता, डोळा कुठल्या झाडाचा, याची चौकशी सुरू करतो. ही चौकशी आता रोपवाटिकेच्या दारात येण्याआधी मोबाइलवर होते. ऐन त्या दिवसांत साइट बंद पडली होती.

मी फोनवर पत्ता टाकला. पांढऱ्या पानावर ठळक आकडा होता, ५०९, आणि खाली इंग्रजीत एक ओळ: बँडविड्थची मर्यादा ओलांडली गेली आहे.

आमच्या भागात इंटरनेटचा कुठलाही बिघाड 'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांत सांगितला जातो. पीकविम्याचा अर्ज अडकला, सर्व्हर डाऊन. ई-पीक पाहणीचा फोटो चढेना, सर्व्हर डाऊन. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना तर ठिकठिकाणी सेवा केंद्रांची माणसे रात्र-रात्र जागली, कारण दिवसा पान उघडत नसे. भावानेही तेच गृहीत धरले होते. त्याचा सर्व्हर मात्र ठणठणीत होता. महिन्याचा ठरलेला कोटा बारा दिवसांत संपला होता आणि होस्टिंग कंपनीच्या यंत्रणेने आपोआप कुलूप लावले होते. ५०९ हा आकडा वेबच्या अधिकृत सूचनांच्या यादीत नाही. होस्टिंगवाल्यांनीच तो रूढ केला, खास याच कामासाठी.

कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलाने सल्ला दिला, "सर, मोठा प्लॅन घ्या." पैसे भरले असते तर साइट त्याच मिनिटाला सुरू झाली असती. भाऊ भरायला तयारही होता. मी त्याला म्हणालो, आजची रात्र थांब, सकाळी येतो. शेताला पाणी पुरत नाही म्हटल्यावर आपण आधी पाट कुठे फुटलाय ते बघतो, लगेच दुसरी विहीर खणत नाही.

हा लेख त्या सकाळचा आहे. गावोगावी आता शाळा, शेतकरी उत्पादक कंपन्या, दवाखाने, देवस्थाने, मंगल कार्यालये वेबसाइट काढत आहेत. त्यातल्या बहुतेकांना होस्टिंग घेताना 'बँडविड्थ' या ओळीपुढचा आकडा कळत नाही आणि विकणारा तो समजावून सांगत नाही.

आमच्याकडे हे समजावणे खरे तर सोपे आहे, कारण आमचा तालुका कालव्याचा आहे. पैठणच्या जायकवाडी धरणातून निघणारा २०८ किलोमीटरचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर करत परभणीकडे जातो. पाणी दोन मापांनी मोजायचे असते हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. कालव्याला पाणी किती जोराने सुटले ते क्युसेकमध्ये: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. आणि आवर्तनात एकूण किती पाणी मिळाले ते दलघमी किंवा टीएमसीमध्ये. ११,५७४ क्युसेकने अख्खा दिवस पाणी सोडले तर एक टीएमसी होते. क्युसेक हा वेग आणि टीएमसी हा साठा, त्यांची गल्लत कोणी करत नाही.

होस्टिंगच्या बाजारात नेमकी हीच गल्लत रुळली आहे. बँडविड्थ म्हणजे मुळात क्युसेक: एका सेकंदात तारेतून किती माहिती जाऊ शकते, ते एमबीपीएसमध्ये. पण प्लॅनच्या जाहिरातीत 'बँडविड्थ ५० जीबी' असे लिहितात तेव्हा ती टीएमसीची गोष्ट असते: महिनाभरात तुमच्या साइटवरून लोकांच्या फोनवर एकूण किती माहिती गेली. तिचे खरे नाव डेटा ट्रान्सफर. कंपनीला फोन करायचा तर पहिला प्रश्न हाच विचारावा, की हा आकडा वेगाचा आहे की महिन्याच्या कोट्याचा.

दोन मापांचा हिशेबही जुळवता येतो. एमबीपीएसमधला 'बी' बिटचा आणि एमबीमधला बाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. ग्रामपंचायतींपर्यंत १०० एमबीपीएसची फायबर नेण्याचे भारतनेट योजनेचे उद्दिष्ट होते. त्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जातील, शंभर नव्हे. आणि फक्त १ एमबीपीएसची धार महिनाभर अखंड चालली, तर दिवसाला १०.८ आणि ३० दिवसांत ३२४ जीबी माहिती वाहून जाते. बारीक धारही सतत चालली तर हौद भरतो. उलट, मोठ्या हौदाला तोटी बारीक असेल तर लग्नघरची पंगत ताटकळते.

सकाळी रोपवाटिकेत पोहोचलो. शेडनेटखाली पिशव्यांतली रोपे ओळीने उभी होती, दोन बाया खुंटावर डोळे भरत होत्या. पत्र्याच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडला. साइट बंद असली तरी तिच्या फाइली आमच्याकडे होत्या. त्या लॅपटॉपवरच चालवल्या. ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबली की खाली एक पट्टी उघडते, तिच्यात 'नेटवर्क' नावाचा रकाना असतो. तो उघडा ठेवून पान नव्याने लोड केले की तळाशी आकडा येतो: या पानासाठी एकूण किती माहिती लागली. मी याला पानाचे वजन म्हणतो. होस्टिंग घेणाऱ्याने सगळ्यात आधी हा काटा बघायला शिकावे. पैसे पडत नाहीत, दोन मिनिटे लागतात.

काट्यावर आले ३८ एमबी.

जगभरच्या संकेतस्थळांची मोजदाद करणाऱ्या 'एचटीटीपी अर्काइव्ह'च्या नोंदींत अलीकडच्या सर्वसाधारण पानाचे वजन दोन-अडीच एमबीच्या घरात आहे, आणि तेही फार झाले अशी जाणत्यांची तक्रार असते. भावाचे पान त्याच्या पंधरापट होते. एकेक ओळ बघत गेलो. रोपवाटिकेचे नऊ फोटो, सगळे मोबाइलने काढलेले, काढले तसेच चढवलेले, प्रत्येकी चार एमबीच्या आसपास. त्यांचेच ३६ एमबी झाले. उरलेले दोन एमबी फाँट, सजावटीचा सांगाडा आणि वर सरकणाऱ्या चित्रांच्या पट्टीचे.

मग गणित मांडले. जूनमध्ये रोज साधारण ४० माणसे साइटवर येत होती. ४० गुणिले ३८ एमबी म्हणजे दिवसाला दीड जीबी, महिन्याला ४५. त्याच्या प्लॅनचा पन्नास जीबीचा कोटा कसाबसा पुरला, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. जुलैच्या सुरुवातीला मोसंबी बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर दुवा फिरला आणि रोजची माणसे ११० झाली. ११० गुणिले ३८ म्हणजे ४.१८ जीबी. बारा दिवसांचे ५०.१६. बारा तारखेच्या रात्री साइट आटली ती अशी, कॅलेंडरबरहुकूम.

भाऊ बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे मान्सं जास्ती आली म्हणून नाही, फोटो जड होते म्हणून." मला तेवढेच ऐकायचे होते.

मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा असतो. बघणाऱ्याच्या फोनचा पडदा जेमतेम हजार ठिपके रुंद. म्हणजे आलेल्या माहितीतला फार मोठा भाग पडद्यावर दिसतच नाही; तो तारेतून येतो, गिऱ्हाइकाचा डेटा खातो, आपला कोटा खातो आणि फेकला जातो. आम्ही नऊही फोटो ७२० ठिपके रुंदीचे केले आणि वेबपी या प्रकारात साठवले. प्रत्येकी ६० केबीच्या आसपास आले. डोळा भरलेल्या खुंटाचा एक फोटो जुना आणि नवा असे दोन फोन शेजारी धरून त्या दोन्ही बायांना दाखवला. कुठला कुठला ते त्यांना ओळखता आले नाही, आणि साल, डोळा, बांधलेली पट्टी यांतले बारकावे त्यांच्याइतके कोणाला कळतात?

फाँटही काढून टाकला. देवनागरीचा चांगला फाँट बराच जड होतो, कारण त्यात जोडाक्षरांची शेकडो रूपे भरावी लागतात. आता फोनमध्ये देवनागरी आधीच बसवलेली असते, तीच वापरली. सरकणारी पट्टी काढली. पान ७०० केबीवर आले.

इथे मराठी मजकुराबद्दल थोडे बोलायला हवे, कारण एक गैरसमज पसरलेला आहे की मराठी साइट जड असते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. 'घनसावंगी' या शब्दात अक्षरे, काना, अनुस्वार, वेलांटी धरून आठ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट. रोमन लिपीत हेच नाव ११ बाइटांत मावते. पण यावरून घाबरू नये. तुम्ही वाचताय तो हा सगळा लेख सुमारे ४० केबीचा आहे, आणि सर्व्हर तो दाबून पाठवतो तेव्हा त्याहून बराच कमी. भावाच्या एका जुन्या फोटोच्या जागेत असे शंभर लेख बसले असते. जड असतात ती चित्रे आणि चलचित्रे. मराठी बिचारी हलकी आहे.

पूर्वी तशी स्थिती नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात लोकांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा फोनच्या तारेवरचा वेग ९.६ केबीपीएस होता. पुढच्याच वर्षी, १९९६ च्या गणेशोत्सवात, परदेशातल्या मराठी माणसांच्या हातून 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले. त्या काळात फोन-संगणकांना देवनागरी ठाऊक नव्हती. मराठी दाखवायची तर स्वतंत्र फाँट उतरवून घ्यायला सांगा, रोमनमध्ये लिहा, नाहीतर मजकुराचे चित्र करून चढवा, असे मार्ग होते. चित्र झालेला मजकूर खरोखरच जड होता. युनिकोडने ती अडचण केव्हाच सोडवली, पण सवय राहून गेली. आजही शाळेची सूचना, ग्रामपंचायतीचा ठराव, लग्नाची पत्रिका आपण फोटो काढून चढवतो. आणि दिवाळी अंकसुद्धा. स्कॅन केलेला अंक ८० एमबीचा भरला आणि हजार वाचकांनी उतरवला, तर ८० जीबी गेले. त्याच अंकाचा दोनशे पानी मजकूर युनिकोडमध्ये दोन एमबीत मावतो, शोधता येतो, आणि दृष्टिहीन वाचकाला फोन तो वाचूनही दाखवतो. अंक काढणाऱ्या मंडळींनी हे मनावर घ्यावे असे मला मनापासून वाटते.

आता दुसरे माप, वेगाचे. भावाच्या साइटला त्याचा त्रास नव्हता, पण महाराष्ट्राने तो पाहिलेला आहे. १६ जुलै २०२१, दुपारी एक. कोविडमुळे परीक्षेविना अंतर्गत मूल्यमापनावर लावलेला दहावीचा निकाल जाहीर झाला आणि सुमारे १६ लाख मुलांच्या घरांतून एकाच वेळी निकालाचे पान उघडले गेले. संकेतस्थळ कोलमडले, कित्येक तास मुले ताटकळली.

कागदावर हिशेब मांडून पाहा. समजा निकालाचे पान ५० केबीचे आहे. १६ लाख मुलांना ते एकदा दिले तर एकूण ८० जीबी. गावातल्या दुकानाच्या साइटला परवडेल असा हा महिन्याचा कोटा. पण हेच १६ लाख दहा मिनिटांत आले तर सेकंदाला सुमारे २,६७० माणसे होतात आणि जवळजवळ १,०७० एमबीपीएसची धार लागते. शिवाय प्रत्येक मुलासाठी आसनक्रमांक शोधून गुण काढायचे, म्हणजे तारेआधी सर्व्हरच्या डोक्यावर ताण. एकूण पाणी थोडे, पण एका क्षणी हवे. असा भार अंगावर घ्यायचा तर साठा वाढवून भागत नाही. पाने आधीच तयार करून ठेवावी लागतात आणि ती अनेक ठिकाणच्या सर्व्हरवर वाटून द्यावी लागतात.

आपल्या गावाला याचा संबंध काय? आमच्याच तालुक्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे. समर्थांचा जन्म १६०८ चा, रामनवमीचा. अशा गावाच्या देवस्थानाने साइट काढली तर वर्षभराची सरासरी उपयोगाची नाही. रामनवमीचा दिवस धरून आकडा काढावा लागेल. आणि काही दिवस पंचांगात नसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातल्या प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या, ऑक्टोबरमध्ये सापडल्या. त्या दिवसांत जांबचे नाव राज्यभर शोधले गेले. माझा साधा नियम: सर्वांत गर्दीच्या महिन्याचा अंदाज काढा आणि त्याच्या दुप्पट कोटा घ्या. पानाचे वजन गुणिले एका माणसाने उघडलेली पाने गुणिले रोजची माणसे गुणिले ३०. एवढे गुणाकार चौथीतले पोर करते.

'अनलिमिटेड' लिहिलेले असेल तर? तारेला रुंदी असते, यंत्राला ताकद असते; अमर्याद काही नसते. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो साइट नांदतात. तिथे माहितीच्या कोट्याला मर्यादा नसली तरी प्रोसेसरचा वेळ, मेमरी, एकाच वेळी चालणारी कामे, फाइलींची संख्या यांना असते, आणि ती वापराच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेली असते. ती ओलांडली की ५०९ च्या जागी ५०८ दिसतो. माझे मत स्पष्ट आहे: छोट्या धंद्याने स्वच्छ आकडा लिहिलेला प्लॅन घ्यावा. आकडा असला की भांडता येते, वापर मोजता येतो, ८० टक्क्यांवर इशारा लावता येतो. त्याबरोबर दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाचा दर विचारावा आणि १८ टक्के जीएसटी धरून हिशेब करावा. पहिल्या वर्षीच्या सवलतीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

मोठ्या क्लाउड कंपन्यांची रीत वेगळी. तिथे कुलूप लागत नाही, बिल येते. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत सर्व्हर आणले. तिथून बाहेर जाणाऱ्या माहितीचा दर, महिन्याचे पहिले १०० जीबी सोडून, जीबीला ११ सेंटच्या जवळपास आहे, म्हणजे नऊ-दहा रुपये. आत येणारी माहिती फुकट. हजार माणसांनी ६० एमबीचा व्हिडिओ पाहिला की ६० जीबी झाले. म्हणून कलम बांधण्याचा व्हिडिओ आम्ही यूट्यूबवर ठेवला आणि साइटवर नुसता दुवा दिला. साइटपुढे क्लाउडफ्लेअरची मोफत सेवाही लावली. ती फोटोंची प्रत आपल्याजवळ ठेवून वाचकाच्या जवळच्या ठिकाणाहून देते, मूळ सर्व्हरला तेवढा आराम.

सर्व्हरच्या नोंदवहीत आणखी एक गोष्ट दिसली. साइटवर येणारे सगळे शेतकरी नव्हते. बरीच ये-जा यंत्रांची होती: शोधयंत्रांचे बॉट, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी माहिती गोळा करणारे. हा त्रास मोठ्यांनाही आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले, की जानेवारी २०२४ पासून चित्र-चलचित्रे उतरवण्यासाठी लागणारी त्यांची बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली आणि ती मुख्यतः बॉटमुळे. आपला कोटा ठरवताना यांचाही वाटा धरावा लागतो. नको त्या बॉटांना आम्ही मज्जाव केला.

हे सगळे झाले आपल्या खर्चाचे. पण कालव्याच्या भागात वाढलेल्या माणसाला आणखी एक प्रश्न पडतो: टेलला पाणी पोहोचते का? वरचे कितीही भिजले तरी चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याचे काय? वेबसाइटच्या टेलला एक शेतकरी आहे, ज्याच्या फोनमध्ये रोजच्या दीड जीबीचा रिचार्ज आहे. संध्याकाळपर्यंत पोराने तो संपवलेला असतो. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने ३८ एमबीचे पान उतरायला सुमारे ७९ मिनिटे लागतात. तो माणूस थांबत नाही, फोन खाली ठेवतो, आणि आपल्याला कधीच कळत नाही की तो आला होता. ७०० केबीचे पान त्याच फोनवर दीड मिनिटात उघडते. फोन नंबर, रोपाचा भाव आणि पत्ता आम्ही पानाच्या अगदी वरती साध्या अक्षरांत ठेवला. हे सगळे पहिल्या काही सेकंदांतच दिसते, फोटो मागून येतात.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, तोडाव्या लागल्या. त्यातून उठून पुन्हा लागवड करणारा शेतकरी रोपाची चौकशी करतो तेव्हा त्याच्या पाच-सात वर्षांचा प्रश्न असतो. त्याला माहिती वेळेवर मिळणे मला फार महत्त्वाचे वाटते.

तुमची साइट असेल तर आज रात्री तिचे वजन करा. नवी काढत असाल तर करून देणाऱ्याला पैसे देण्याआधी वजन विचारा, आणि तो आकडा लेखी घ्या.

भावाने मोठा प्लॅन घेतला नाही. यंदाच्या जुलैत साइटवर रोज सरासरी १६० माणसे आली. ३१ तारखेच्या रात्री त्याने मला वापराचा आकडा पाठवला: बॉट धरून ४.६ जीबी, ५० पैकी.